पराभवाचा दिवा

माझी भाची शिवन्या तिची पहिली मोठी लढत एकही डाव न टाकता हरली. शिट्टी वाजली, समोरची पोरगी दोन पावलं पुढे आली, आणि तिने हात लावायच्या आतच शिवन्याच्या कपाळपट्टीवरचा निळा दिवा लागला. लढतीसाठी बांधलेल्या काचेच्या खोलीचा दरवाजा आपोआप उघडला. पुण्याच्या त्या बंद सभागृहात आधी कुणाला काही उमजलं नाही, मग सगळे खो खो हसायला लागले. शिवन्या मधोमध उभी राहून 'मी काय केलं?' अशा नजरेने माझ्याकडे बघत होती.

काय केलं ते मला दिसलं होतं. शिट्टी वाजताच तिने वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आमच्याकडे तालमीत पाय टाकणारं शेंबडं पोरही हे करतं. आखाड्याची माती कपाळी लावायची, मनातल्या मनात वस्तादांच्या पाया पडायचं आणि मग अंगाला अंग भिडवायचं. तिथे खाली माती नव्हती, रबर होतं. पण सवयीला कुठे कळतंय रबर!

यंत्राला मात्र बरोबर कळलं. पोरगी शरण आली, असं त्याने जाहीर करून टाकलं.

मी दत्ताजी खोत. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात फेटा बांधून माईकवर बोलणारा माणूस. कुठला पैलवान कुठल्या वस्तादाचा, त्याच्या आज्याने कुणाला आस्मान दाखवलं, हे सांगून लोकांना बसल्या जागी उठवायचं हा माझा धंदा. त्यातून मला देशोदेशीच्या जुन्या क्रीडास्पर्धांचे किस्से वाचायचा नाद लागला, आणि पुढे टीव्हीवाल्यांनी मराठी समालोचनासाठी मला उचललं. शिवन्या माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. तिचे आजोबा आबा चौगुले हेच तिचे वस्ताद. शिवन्याचं 'शिवी' करायला गावाला वेळ लागला नव्हता, आणि पोरीनेही ते नाव सार्थ केलं होतं. तिच्या वाटेला जाणाऱ्याला ती आधी तोंडाने आणि मग हाताने आडवा करायची.

आता हा दिवा काय भानगड आहे ते सांगतो. लिस्बनच्या डॉक्टर बेआत्रिझ फरेरा अर्धांगवायूच्या रुग्णांवर काम करत होत्या. व्यायाम करता करता रुग्ण हात टेकतो, 'आता नाही होत' म्हणतो. तो खरंच संपलाय की नुसता कंटाळलाय, हे त्यांना ओळखायचं होतं. त्यांना सापडलं ते असं. मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही अर्ध्यांच्या मधल्या घडीत एक जागा आहे. किती कष्ट पडतायत, किती दुखतंय आणि एवढं करून हाती काय लागणार, याचा अंदाज ती सतत घेत असते. तो अंदाज फिरला, की तिथून एक मंद लाट निघते. ती स्नायूंना जाणारे हुकूम सैल करते, हृदयाचे ठोके उतरवते, पुढचे बेत आखणारा भाग गप्प करते. तोंडाने 'हरलो' म्हणायच्या आधीच माणूस आत हरलेला असतो. बाईंनी तिला 'उतरती लाट' हे नाव दिलं आणि कपाळावर बांधायची एक पट्टी बनवली. लाट आली की निळा दिवा लागायचा. वस्तादांपुढे मनाने वाकणंही त्या पट्टीला शरण जाणंच वाटायचं.

रुग्णांसाठी केलेली ती पट्टी खेळांच्या बाजारात यायला वेळ लागला नाही. त्या काळात पंचांच्या निकालावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. ठरवून हरणारे, पैसे खाऊन गुण देणारे, यांना लोक विटले होते. तेव्हा 'मुक्त विश्वक्रीडा' नावाचा नवा संघ उभा राहिला. पंच नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. ज्याचा दिवा आधी लागेल तो हरला. 'पंच विकला जातो, मेंदू विकला जात नाही,' हे वाक्य त्यांनी भिंतीभिंतीवर रंगवलं होतं.

सुरुवातीची एक-दोन वर्षं तर झकास गेली, हे कबूल केलं पाहिजे. माणसाचा अहंकार हरायला तयार नसतो, पण मेंदू लवकर शहाणा होतो. हाड मोडायच्या आत दिवा लागायचा, दार उघडायचं, दोघेही चालत बाहेर यायचे. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की खेळातली हिंसा विज्ञानाने संपवली.

मग प्रशिक्षकांनी डोकं लावलं. लाट आली की हार, तर लाटच येऊ द्यायची नाही. खेळाडूंना बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायला सुरुवात झाली. थकल्यावर, वाकल्यावर, रडल्यावर विजेचे झटके द्यायचे. धावण्याच्या शर्यतीत अंतरच उरलं नाही, शेवटपर्यंत ज्याचा दिवा लागत नाही तो पहिला. पायांच्या पोटऱ्या फाटलेली माणसं मी धावताना पाहिली आहेत. एक जलतरणपटू पाण्याखाली जिंकला आणि वर आलाच नाही. हे नवीन आहे असंही नाही. एकोणीसशे चार साली सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्याला त्याचीच माणसं वाटेत कुचल्याचं विष आणि ब्रँडी पाजत होती, आणि पहिला तोच आला. फरक इतकाच, की त्या बिचाऱ्याला निदान थांबायची मुभा होती.

पुण्याच्या त्या हशाची चित्रफीत जगभर फिरली. पोरं रस्त्यात शिवन्याला बघून जमिनीला हात लावायची आणि कपाळावर टॉर्च पेटवायची. तिने दोघांचे दात पाडले, तरी थांबेनात. पण ती चित्रफीत रणदीप सरांनीही पाहिली. हे संघाच्या शिबिराचे मुख्य प्रशिक्षक. त्यांनी तिची मान, खांदे आणि पकड पाहिली आणि थेट गावात आले. म्हणाले, "मुलीत जगज्जेती आहे. फक्त ती वाकायची सवय मोडावी लागेल."

आबा आखाड्याच्या काठावर बसले होते. पुढ्यात माती होती. तेल, ताक, हळद घालून, खोऱ्याने उकरून लोण्यासारखी केलेली. त्यांनी रणदीप सरांकडे बघितलंसुद्धा नाही.

"शिवे, तुला काय म्हणायचंय?"

"आबा, समदं जग हसलं मला. मला त्या हसण्याचा दात पाडायचाय."

"मातीला हात न लावता आखाड्यात उतरणार तू?"

"तितं माती न्हाईच की, आबा."

"माती खाली नसतीया, पोरी. डोस्क्यात असतीया. ती काढून टाकणार आसलीस तर माज्या तालमीत तुजं काय काम न्हाई."

शिवन्याचे डोळे भरले, पण ती उलटून बोलली. "मग ऱ्हावू द्या तुमची तालीम तुमाला."

अक्का दारात रडत होती. मी दोघांच्या मध्ये पडायला हवं होतं, पण आबांपुढे बोलायची माझी टाप नव्हती. आबांनी त्या दिवसापासून नातीचं नाव टाकलं.

शिबिरात मी अधूनमधून जायचो. तिच्या पाठीच्या कण्याला एक चकती चिकटवलेली असायची. ती कंबरेत वाकून हात जमिनीकडे नेऊ लागली, की झटका बसायचा. चप्पल घालायला वाकली तरी बसायचा. एकदा माझ्या पाया पडायला म्हणून ती झुकली आणि अर्ध्यातच किंचाळून गुडघ्यावर आली. मी तिला उठवायला धावलो, तर रणदीप सर म्हणाले, "हात लावू नका. तिला स्वतः ताठ होऊ दे."

ती ताठ झाली. ओठ दातांखाली फुटला होता. रक्त पुसत मला म्हणाली, "मामा, आता लई कमी झालंय हं. आधी देवळात गेलं तरी बसायचा."

मला त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं. पण भाचीच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता, की मी हात मागे घेतला.

पाचव्या मुक्त विश्वक्रीडा काळ्या समुद्राकाठी बातुमी शहरात भरल्या. तोवर शिवन्या देशात कुणाला हार जात नव्हती. तिचा प्रकार होता मुक्तद्वंद्व. चावायचं नाही, डोळ्यात बोट घालायचं नाही, बाकी सगळं चालेल. हा नियम अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांचा, जसाच्या तसा उचललेला. उद्घाटनाच्या दिवशी मी मराठी प्रेक्षकांना त्या ग्रीकांची गोष्ट सांगितली. ऑलिंपियाच्या मैदानात एका मल्लाला प्रतिस्पर्ध्याने गळ्याचा फास घातला होता. हार मानायची तर एक बोट वर करायचं, अशी तिथली रीत. त्याचं बोट वर जाणार, इतक्यात बाहेरून त्याचा गुरू ओरडला, 'हा ऑलिंपियात कधी शरण गेला नाही, असं थडग्यावर कोरलं जाणं केवढं भाग्याचं!' ते ऐकून शिष्याने होती नव्हती ती ताकद लावून प्रतिस्पर्ध्याचा पाय पिरगाळला. वेदनेने त्यानेच बोट वर केलं. विजेत्याला मुकुट घालायला लोक आले, तर तो मेलेला होता. मुकुट प्रेताला घातला.

जत्रेच्या मैदानात ही गोष्ट मी सांगितली, की शिट्ट्या आणि टाळ्या पडायच्या. त्या दिवशीही सगळीकडून वाहवा आली.

शिवन्याच्या वजनगटात हंगेरीची इलोना वर्गा होती. अंगाने शिवन्यापेक्षा सडपातळ, पण आजवर तिचा दिवा कधीच लागलेला नव्हता. लाट उठते नेमक्या त्या जागी इंजेक्शन देऊन तिला पोसणाऱ्या कंपनीने ती जागाच मारून टाकलीय, अशी कुजबुज होती. नियमात ते बसत होतं, कारण संघाच्या नियमात सगळंच बसत होतं. मी तिला एकदा न्याहारीच्या वेळी पाहिलं. ती हाताला पट्टी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. मनगट सोलून निघालं होतं. तिच्यासोबतची बाई आली आणि पट्टी हातातून काढून घेतली, तेव्हा कुठे ती थांबली. ती बाई मला म्हणाली, "झोपतसुद्धा नाही हो. झोप यायला माणसाला थोडी तरी हार मानावी लागते ना."

उपांत्य फेरीत इलोनासमोर सेनेगलची अवा होती. हसरी, उंच, वाळूतली कुस्ती खेळून तयार झालेली. अवाने तिला उचलून आपटलं, मागून गळा आवळला आणि इलोना शुद्ध हरपून लुळी पडली. सगळं सभागृह उभं राहिलं. दिवा मात्र लागला नाही. एरवी शुद्ध जाण्याआधी लाट येतेच येते, त्यामुळे बेशुद्ध पडणाऱ्यासाठी वेगळा नियम कुणी लिहिलाच नव्हता. अवाने चकित होऊन वर बघितलं. मग भल्या मनाने हात सोडला आणि काचेपलीकडच्या लोकांना खुणेने म्हणाली, ही पडली, दार उघडा.

इलोनाला तेवढ्यात शुद्ध आली. ती उठली ती सरळ अवाच्या पाठीवर गेली. मान कडाडल्याचा आवाज काचेतून बाहेर आला नाही, पण मैदानातल्या माईकने तो आमच्या कानात घातला. अवाचा दिवा मग लागला, फार उशिरा. तिला बाहेर नेलं तेव्हा तिचा एक पाय नुसता थरथरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तिने प्राण सोडला. संघाने दोन मिनिटं शांतता पाळली आणि अंतिम लढतीची तिकिटं वाढवली.

मी शिवन्याच्या खोलीवर गेलो. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"चल घरी," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. मी आबांच्या पाया पडतो, वाटेल ते करतो. चल."

"मी पळाले तर पुन्ना हसतील, मामा."

"हसू देत! हसून कुणी मरत नाही."

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "तिनं हात सोडला, मामा. मी सोडणार न्हाई. एवढंच करायचंय. सोडायचंच न्हाई."

मी समजलो. ती मारायचं ठरवून बसली होती. आणि सोडलं तर तिचीही अवा होणार होती. यात माझ्या भाचीला जिवंत आणि माणसात परत आणायची एकही वाट मला दिसेना. त्या क्षणी मला माझ्या ग्रीक गोष्टीची किळस आली.

अंतिम लढतीत खेळाडूची ओळख तिच्याच माणसाने तिच्याच भाषेत सभागृहात करून द्यायची, असा त्या संघाचा थाट होता. मला फेटा बांधायला लावला, हातात माईक दिला. शिट्टी वाजली की शेजारी उभा असलेला माणूस तो माईक बंद करणार होता. मी तिचं नाव, गाव, वस्ताद आबा चौगुले यांची तालीम, सगळं मैदानात सांगतो तसं सांगितलं. आबांचं नाव घेतलं तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. दार बंद झालं. कुणीही वाकलं नाही.

पहिल्याच झटापटीत इलोनाचा गुडघा शिवन्याच्या तोंडावर बसला आणि नाक चेपलं. रबरावर रक्ताची धार लागली. शिवन्याने ते गिळलं आणि खाली घुसून तिचा पाय उचलला. आदळताना इलोनाचा डावा हात खाली सापडला, शिवन्याने तो धरला आणि उलटा फिरवला. कोपर मोडलं. हात भलतीकडेच वळून लोंबायला लागला. इलोना ओरडली नाही. तिने त्या हाताकडे एकदा पाहिलं, आणि उजव्या मुठीने शिवन्याच्या बरगड्यांवर मारायला लागली. मारत राहिली. एक बरगडी मोडताना शिवन्या वाकडी झाली, तरी तिचाही दिवा लागला नाही. लोक बेभान होऊन ओरडत होते. माझ्या शेजारचा माईकवाला तोंड उघडं टाकून बघत होता, माईक बंद करायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

शेवटी शिवन्या तिच्या मागे गेली. हाताचा फास गळ्याभोवती बसला. इलोनाची धडपड, मग टाचांचं आपटणं, मग काहीच नाही. मोडका हात बाजूला पडला होता. दिवा लागला नाही.

शिवन्याने फास जरासा सैल केला. बहुतेक तिच्याही नकळत. इलोनाचे डोळे उघडले आणि तिचं डोकं मागे येऊन शिवन्याच्या फुटलेल्या नाकावर आदळलं. शिवन्या किंचाळली आणि तिने फास पुन्हा आवळला. या वेळी तिचे डोळे वेडे झाले होते. सोडायचंच न्हाई. इलोनाचं तोंड आधी लाल, मग निळसर झालं. ओठांच्या कडेने फेस आला. माईकवाल्याच्या पलीकडे रणदीप सर काचेवर मुठी आपटत ओरडत होते, "पकड! पकड! सोडू नकोस! इतिहास घडतोय!"

अडीच हजार वर्षांनी तोच गुरू पुन्हा बाहेर उभा राहून ओरडत होता. माझं डोकं फिरलं.

मी माईक तोंडाशी नेला. शेजारच्याला तेव्हा जाग आली, त्याने बटणाकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं आणि सगळा जोर लावून पिरगाळलं. तो खाली बसला.

"शिवे!" माझा आवाज सभागृहभर गेला. "शिवे, मातीला हात लाव!"

तिने वर बघितलं. तिला ऐकू आलं होतं.

"मातीला हात लाव, पोरी! आबांच्या पाया पड आणि बाहेर ये!"

तिचा डावा हात फासातच होता. उजवा तिने सोडवला आणि खाली नेला. अर्ध्यावर तो असा अडला, की जणू पाठीला ती चकती अजून चिकटलेलीच होती. तिने दात आवळले आणि पंजा रबरावर टेकवला. मग कपाळाला लावला. रक्ताने माखलेला पंजा. दिवा लागला नाही. तिने पुन्हा लावला. नाहीच. त्या लोकांनी तिची ती जागा पार बुजवून टाकली होती. मी माईकवर काय काय बडबडत होतो मला आठवत नाही. आखाडा, आबा, अक्का, खोरं, ताक. मी रडत होतो आणि माझं रडणं साऱ्या बातुमीला ऐकू जात होतं.

मग शिवन्याने माझ्याकडे बघणं सोडलं. तिने आपल्या हाताखालच्या त्या निळ्या चेहऱ्याकडे पाहिलं. वाकली. कपाळ इलोनाच्या कपाळाला टेकलं, आणि तिसऱ्यांदा पंजा जमिनीवर गेला.

निळा दिवा लागला.

दार उघडलं तसे डॉक्टर आत धावले. शिवन्या बाजूला कोसळून पडली होती. इलोनाच्या छातीवर दाब देत होते. बऱ्याच वेळाने ती खोकली. निवेदकाने जाहीर केलं, की विजेती इलोना वर्गा. सभागृहातून शिव्या आणि बाटल्या आल्या. रणदीप सर आत जाऊन शिवन्याला लाथ मारणार होते, मी मध्ये पडलो आणि ती लाथ माझ्या मांडीवर बसली. अजून तो पाय थंडीत दुखतो.

संघाने चौकशी बसवली. मुद्दाम हरली, प्रेक्षकांची फसवणूक केली, असा आरोप होता. त्यांच्याच शास्त्रज्ञांनी तिच्या पट्टीतली नोंद काढली आणि मान हलवली. लाट खरी होती. चांगली मोठी, स्वच्छ लाट. खोटी हार यंत्राला करून दाखवताच येत नाही, हे त्यांनीच जगाला शिकवलं होतं. मी त्यांना त्यांच्या भिंतीवरचं वाक्य वाचून दाखवलं, मेंदू विकला जात नाही म्हणून. तिला सोडून द्यावं लागलं. मला माईकवरून जन्माची बंदी झाली, ती मी फेट्यासकट त्यांच्या तोंडावर फेकून आलो.

विमानात मी तिला विचारलं, "शेवटी काय आठवलं गं? आबा?"

नाकावरच्या पट्टीतून ती कसंबसं बोलली. "न्हाई, मामा. आबा आठवले न्हाईत, माती आठवली न्हाई. तिच्या मानेची शीर माज्या मनगटाखाली उडत हुती. ती थांबत आली. मग मला नको वाटलं. जिंकायचंच नको वाटलं."

गावात आलो तेव्हा आबा तालमीच्या दारातच उभे होते. सगळी लढत त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. शिवन्या उंबऱ्याबाहेर थांबली.

"आत येऊ का, आबा?"

"हरलीस म्हनं."

"हरले."

आबा दारातून बाजूला सरले. "ये. पाय धू आन ये."

पुढच्या वर्षी इलोना आमच्या गावात आली. सोबत तीच बाई होती. कंपनीने तिला सोडून दिलं होतं. कोपर वाकडंच जुळलं होतं, डोळे खोल गेले होते. लढत संपली तरी तिच्यातली लढत संपली नव्हती. गोळ्या दिल्याशिवाय झोप नाही, जेवायला बसली तर ताट रिकामं झाल्यावरही घास उचलत राहायची. बाईने शिवन्याला विचारलं, "तू तो दिवा लावलास. तो कसा लावायचा, हिला शिकवशील?"

शिवन्याने आबांकडे पाहिलं. आबांनी खोरं उचललं आणि इलोनाच्या बऱ्या हातात दिलं. आमच्याकडे नव्या पोराला पहिलं काम हेच असतं, आखाडा उकरायचा.

ती आता इथेच असते. सकाळी माती उकरायला लागते. वरची, मग खालची, मग पुन्हा वरची. घाम येतो, हाताला फोड येतात, फोड फुटतात, मातीत रक्त मिसळतं, तरी खोरं चालूच राहतं. आबा तिला मातीला हात लावायला शिकवतात. ती लावते, कपाळालाही टेकवते, आणि पुन्हा उकरायला लागते. डॉक्टर म्हणतात, मेलेली जागा परत जिवंत होत नाही. आबा म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय मातीतलं.

कोण बरोबर आहे ते मला ठाऊक नाही. इलोना अजून स्वतःहून थांबलेली नाही. शिवन्या रोज आखाड्यात उतरते, तिच्यासमोर जमिनीला हात लावते, आणि तिच्या हातातलं खोरं काढून घेते.